तेरा हजार नऊशे एक्क्याऐंशीवा प्रयोग

नाटकाची सुरुवात लिलावाने होते. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, जागा पॅरिसचं ऑपेरा हाऊस. वैभवाचे दिवस सरले आहेत आणि रंगमंचावर धूळ खात पडलेलं सामान एकेक करून पुकारलं जातं आहे. एका जुन्या ऑपेराचं पोस्टर. एक लाकडी पिस्तूल आणि तीन कवट्या. झांजा वाजवणारं माकड बसवलेली संगीतपेटी, ती चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा विकत घेतो. मग पुकारा होतो ६६६ क्रमांकाचा. मोडून पडलेलं, पुन्हा जोडून घेतलेलं झुंबर. त्याच्यावरचं कापड ओढलं जातं, ऑर्गन गर्जतो, दिवे लागतात आणि ते अवाढव्य झुंबर रंगमंचावरून उचललं जाऊन प्रेक्षकांच्या डोक्यावर चढू लागतं. काळ मागे जातो, ऑपेरा हाऊस पुन्हा तरुण होतं.

न्यूयॉर्कच्या ४४व्या रस्त्यावरच्या मॅजेस्टिक थिएटरात हा लिलाव पस्तीस वर्षं होत राहिला. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चा ब्रॉडवेवरचा शुभारंभ २६ जानेवारी १९८८ला झाला आणि अखेरचा प्रयोग रविवारी, १६ एप्रिल २०२३ला, संध्याकाळी पाच वाजता. तो १३,९८१वा प्रयोग होता. ब्रॉडवेच्या इतिहासात एवढं कोणतंच नाटक चाललेलं नाही. आधीचा विक्रम ‘कॅट्स’चा होता, ७,४८५ प्रयोगांचा. फँटमने तो जानेवारी २००६मध्ये मोडला आणि पुढे जवळपास तेवढंच अंतर पुन्हा कापलं.

या आकड्याचं मोल मराठी प्रेक्षकाला चटकन कळतं, कारण प्रयोग मोजायची सवय आपल्यालाही आहे. जाहिरातीत नाटकाच्या नावाशेजारी आकडा नसला तर आपल्याला चुकल्यासारखं होतं. पण आपलं नाटक फिरतं. दुपारी शिवाजी मंदिर, रात्री गडकरी रंगायतन, शनिवार-रविवार पुणे. पडदा पडला की नेपथ्य उतरवून ट्रकमध्ये भरायचं आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच मापाच्या रंगमंचावर उभं करायचं. आपल्याकडचे मोठे विक्रमही बहुधा माणसाच्या नावावर असतात. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५००वा प्रयोग केला, तो अनेक नाटकं मिळून एका नटाचा आकडा होता. फँटमचा आकडा एका नाटकाचा आणि एका वास्तूचा आहे. माणसं येत गेली, जात गेली. मूळ फँटम मायकेल क्रॉफर्ड आणि मूळ क्रिस्टीन, म्हणजे नायिका, सारा ब्राइटमन हे दोघेही १९८८ सालातच न्यूयॉर्कच्या संचातून बाहेर पडले होते. नाटकाच्या घोडदौडीला त्याने काहीच फरक पडला नाही.

पडला नाही, कारण हे नाटक त्या इमारतीत बांधून काढलेलं होतं. मॅजेस्टिक १९२७ सालचं, शुबर्ट संस्थेच्या मालकीचं, सोळाशेहून अधिक खुर्च्यांचं. ‘कॅरोझेल’, ‘साउथ पॅसिफिक’, ‘द म्युझिक मॅन’ ही अमेरिकन संगीत नाटकातली मोठी नावं इथेच पहिल्यांदा झळकली. ब्रॉडवेवर थिएटर प्रयोगापुरतं मिळत नाही. नाटक चालेल तोवर थिएटर त्याचं. त्यामुळे रंगमंचाची जमीन कापायची, तळघरात यंत्रं बसवायची, छताला वजन पेलणारी योजना करायची मुभा मिळते. फँटमसाठी हे सगळं केलं गेलं.

मी हे नाटक मॅजेस्टिकमध्येच पाहिलं, वरच्या सज्ज्यातून. तिथून एक गोष्ट दिसली ती खालच्या महागड्या खुर्च्यांवरून दिसली नसती. झुंबर वर आलं की ते सज्ज्यातल्या प्रेक्षकांच्या नजरेसमोर येऊन थांबतं. एक टनाचा तो ऐवज, त्याला लावलेले सहा हजार मणी. पहिल्या अंकाच्या शेवटी ते पडतं असं सगळे सांगतात. खरं तर ते सरळ खाली पडत नाही, समोरच्या रांगांवरून तिरकं झेपावत रंगमंचाकडे जातं. आपण वरून पाहत असतो, तरी मान आपोआप आत ओढली जाते, आणि खालच्या शेकडो माना त्याच क्षणी आत ओढल्या गेलेल्या दिसतात. न्यूयॉर्कच्या झुंबराला संचातली माणसं ‘रूथी’ म्हणत. दिग्दर्शक हॅरोल्ड प्रिन्स यांच्या अनेक वर्षांच्या सहकारी रूथ मिचेल यांचं ते नाव. रंगमंचावरच्या वस्तूला विंगेतल्या माणसाचं नाव मिळावं, हे मला फार आवडलं.

गोष्टीतलं झुंबर काही कुणाच्या कल्पनेतून फुटलेलं नाही. शार्ल गार्निए यांनी बांधलेलं पॅरिसचं ऑपेरा हाऊस १८७५मध्ये उघडलं. त्याच्या पायात खरोखर पाण्याचा मोठा हौद आहे, आणि १८९६मध्ये तिथे झुंबराचा तोल सांभाळणारं एक वजन निसटून खाली पडल्याने प्रेक्षागारात एक मृत्यू झाला होता. गास्ताँ लरू या पत्रकार-कादंबरीकाराने या दोन गोष्टी उचलल्या आणि १९०९-१०मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः कादंबरी लिहिली: तळघरातल्या तळ्याकाठी राहणारा, विद्रूप चेहरा मुखवट्याआड झाकणारा संगीतकार आणि त्याने आवाज घडवलेली तरुण गायिका क्रिस्टीन. अँड्रू लॉइड वेबर यांनी त्यावर संगीत नाटक रचलं, गीतं चार्ल्स हार्ट आणि रिचर्ड स्टिल्गो यांची. लंडनमध्ये ते ऑक्टोबर १९८६मध्ये आलं, निर्माता कॅमेरून मॅकिंटॉश.

नेपथ्य आणि वेशभूषा मारिया ब्यर्नसन यांची. त्यांचं काम सज्ज्यातून पाहताना मला पहिल्यांदा नीट उलगडलं. रंगमंच बराचसा काळा आणि रिकामा असतो. मखमली पडदे, सोनेरी मूर्तींची चौकट, एक पलंग, एक आरसा, एक जिना एवढंच दाखवायचं आणि उरलेलं ऑपेरा हाऊस प्रेक्षकाने मनात बांधायचं. फँटम क्रिस्टीनला तळघरात नेतो तो प्रवास पाहा. वर आडवा टांगलेला पूल हळूहळू कलतो, दोघं उतरू लागतात; पूल दुसरीकडे कलतो, दोघं अजून खाली. डमी नटनट्या मूळ जोडीची जागा घेतात, तोवर मूळ जोडी खाली होडीत पोचलेली असते. मग धुकं पसरतं, जमिनीतली छोटी छोटी झाकणं उघडतात आणि पेटत्या मेणबत्त्या पाण्यातून उगवल्यासारख्या वर येतात, त्यांच्यामधून होडी वळणं घेत पुढे सरकते. एका प्रयोगात २८१ मेणबत्त्या आणि अडीचशे किलो सुका बर्फ लागत असे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मुखवट्यांच्या नाचाचा प्रवेश आहे. भल्या मोठ्या जिन्यावर माणसंच माणसं. त्या गर्दीत बरेच पुतळे उभे केलेले असतात, खऱ्या नटांच्या अधेमधे. माहीत असूनही ते मला शोधून काढता आले नाहीत.

यंत्रं कितीही सांगितली तरी यंत्रं पस्तीस वर्षं नाटक चालवत नाहीत. रंगमंचापुढच्या खड्ड्यात २७ वादक बसत, ब्रॉडवेवरचा त्या काळातला सर्वांत मोठा वाद्यवृंद. त्यांतले काहीजण १९८८पासून त्याच खुर्चीवर होते. कपडेपटात २३० पोशाख, ते चढवायला-उतरवायला १४ माणसं. नट, वादक, तंत्रज्ञ मिळून सव्वाशेच्या आसपास माणसांचं पोट या एका नाटकावर चालायचं. आठवड्याला आठ प्रयोग, सोमवार ते शनिवार किंवा मंगळवार ते रविवार, वर्षाला चारशेहून जास्त. जॉर्ज ली अँड्र्यूज हे नट शुभारंभापासून २०११पर्यंत या संचात होते. वेगवेगळ्या भूमिका मिळून त्यांनी ९,३८२ प्रयोग केले आणि ब्रॉडवेवरच्या एकाच नाटकात सर्वाधिक प्रयोग करणारे म्हणून त्यांची नोंद गिनीजमध्ये झाली. हॉवर्ड मॅकगिलिन यांनी अडीच हजारांहून अधिक वेळा फँटम रंगवला.

अशा नाटकात रोज तेच करायचं असतं, आणि ते आज पहिल्यांदाच तिकीट काढून आलेल्या माणसासाठी करायचं असतं. त्याच्या दृष्टीने ९,०००वा प्रयोग पहिलाच असतो. म्हणून ब्रॉडवेवर दिग्दर्शक निघून गेल्यावरची एक वेगळी विद्या वाढीला लागली आहे, आणि माझ्या मते या नाटकाचा खरा ठेवा तोच. रंगमंच व्यवस्थापक कानाला हेडफोन लावून प्रत्येक दिव्याची, प्रत्येक पडद्याची सूचना देतो, तसंच कोणत्या प्रवेशात नट हळूहळू सैलावू लागला आहे याची टिपणंही ठेवतो. नृत्याची घडी टिकवायला संचातलाच एक अनुभवी नर्तक नेमलेला असतो. ‘स्विंग’ नावाचे कलाकार विंगेत तयार असतात. त्यांना समूहातल्या अनेक भूमिका पाठ असाव्या लागतात, आणि संध्याकाळी सात वाजता त्यांना कळतं की आज आपण कोण आहोत. क्रिस्टीनची भूमिका गळ्यावर इतकी जड की आठातले दोन प्रयोग ठरलेली पर्यायी गायिका करायची. शेवटच्या दिवसाची क्रिस्टीन, एमिली कुआचू, याच वाटेने वर आली. ऑक्टोबर २०२१मध्ये ती पर्यायी क्रिस्टीन होती, काही महिन्यांत मुख्य झाली, आणि ब्रॉडवेवर ही भूमिका करणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली. त्या अखेरच्या काळातल्या संचात ऑपेरा हाऊसच्या दोन मालकांपैकी आंद्रे रंगवणारे नट होते नेहल जोशी, भारतीय वंशाचे.

नृत्यांचंही एक सांगायला हवं. जिलियन लिन यांनी बसवलेल्या नाचांना चवड्यांच्या टोकावर नाचणाऱ्या, बॅले शिकलेल्या मुली लागत. ब्रॉडवेवर अशी कामं फार थोडी. बॅले कंपनीतून बाहेर पडलेल्या नर्तकींना वर्षानुवर्षं नियमित पगार देणारी जागा म्हणजे हे नाटक. ते बंद होताना कलाविश्वाचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. या मुलींबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

मग बंद का झालं? उत्तर वरच्याच आकड्यांमध्ये आहे. मार्च २०२०मध्ये करोनामुळे ब्रॉडवेचे सगळे पडदे पडले. फँटम २२ ऑक्टोबर २०२१ला परत उभं राहिलं, पण त्याचा प्रेक्षक पूर्वीसारखा परतला नाही. न्यूयॉर्क पाहायला आलेला परदेशी पर्यटक हा या नाटकाचा मोठा आधार होता, आणि तोच यायचा थांबला होता. इकडे आठवड्याचा खर्च साडेनऊ लाख डॉलर्सच्या घरात गेला होता. नव्या नाटकाला कमी माणसांत, कमी वाद्यांत भागवता येतं, ते तसंच लिहिलेलं असतं. फँटम १९८०च्या दशकातल्या ऐश्वर्याने बांधलेलं. २७ वादक, २३० पोशाख, प्रत्येक जागी माणूस. जे पाहायला लोक येत होते त्याचाच खर्च झेपेना. सप्टेंबर २०२२मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की १८ फेब्रुवारीला पडदा पडेल. जाहीर होताच तिकीट खिडकीवर झुंबड उडाली, म्हणून मुदत १६ एप्रिलपर्यंत वाढवली. शेवटच्या आठवड्यांत गल्ला तीस लाख डॉलर्सच्या पुढे गेला. निरोपाच्या गर्दीवर नाटक कायमचं चालवता येत नाही हे मॅकिंटॉश यांना ठाऊक होतं, आणि मुदत पुन्हा वाढली नाही. तोवर ब्रॉडवेवरचा एकूण गल्ला सुमारे एक अब्ज तीस कोटी डॉलर्स झाला होता, आणि प्रेक्षकसंख्या दोन कोटींच्या आसपास.

लंडनने दुसरा मार्ग घेतला होता. तिथला फँटम जुलै २०२१मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा खड्ड्यातले वादक २७वरून १४वर आणले गेले. नाटक वाचलं, आजही चालू आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कदाचित काही उणंही वाटत नसेल. मी मात्र न्यूयॉर्कच्या बाजूने आहे. सत्तावीस जणांच्या रोजीरोटीचा प्रश्न हलका नाही, आणि चौदा जणांचं काम टिकणं हे कुणाचंच काम न टिकण्यापेक्षा बरं, असं कुणी म्हणालं तर त्याला मी चूक म्हणणार नाही. पण हे संगीत भरगच्च वाद्यमेळासाठीच बांधलं गेलं आहे. तळघरातून वर चढत येणारे ते स्वर अर्ध्या वादकांत ऐकवणं म्हणजे ब्यर्नसनच्या जिन्यावरची अर्धी माणसं काढून घेण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने शेवटच्या दिवशीही तेच ऐकलं जे १९८८च्या प्रेक्षकाने ऐकलं होतं.

अखेरच्या प्रयोगाची बहुतेक तिकिटं निमंत्रितांसाठी राखलेली होती. सर्वसामान्यांसाठी थोड्या जागांची सोडत काढली गेली. ज्यांच्या नशिबात आत जाणं नव्हतं असे कितीतरी चाहते ४४व्या रस्त्यावर नुसते उभे होते. फँटमच्या भूमिकेत त्या दिवशी लेअर्ड मॅकिंटॉश होते, कारण नेहमीचे फँटम बेन क्रॉफर्ड आजारी होते. पस्तीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग, आणि मुख्य नट हजर नाही! दुसऱ्या कुठल्या नाटकात त्या दिवशी रडारड झाली असती. इथे नाही झाली, कारण अशा वेळेची तयारी करणं हेच या नाटकाचं रोजचं काम होतं. लेअर्ड मॅकिंटॉश ही भूमिका आधीपासून जाणून होते. क्रिस्टीनचा प्रियकर राउल झाले जॉन रिडल. पडदा वेळेवर उघडला.

अशा प्रयोगात प्रेक्षागार नाटकाइतकंच बोलकं होतं. प्रेक्षकांत पूर्वी याच नाटकात काम केलेली माणसं मोठ्या संख्येने होती. म्हणजे पूल कुठे कलणार, मेणबत्त्या कधी उगवणार, झुंबर कोणत्या सुरावर सुटणार हे ज्यांच्या अंगात मुरलं आहे अशांपुढे ते सादर होत होतं. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला टाळ्या पडल्या. त्या लिलावाच्या प्रवेशात तर मला वाटतं, निराळाच अर्थ भरला असणार. पस्तीस वर्षं तो गोष्टीतल्या ऑपेरा हाऊसचा लिलाव होता. त्या संध्याकाळी तो मॅजेस्टिकमधल्या सामानाचाही होता, कारण काही तासांनी ते सगळं खरंच उतरवलं जाणार होतं.

नाटक संपल्यावर लॉइड वेबर आणि कॅमेरून मॅकिंटॉश रंगमंचावर आले. लॉइड वेबर यांचा मुलगा निकोलस तीन आठवड्यांपूर्वीच, २५ मार्चला, कर्करोगाने गेला होता. प्रयोग त्याच्या स्मृतीला अर्पण करताना ते म्हणाले की तो लहान असताना यातलं काही संगीत त्याने ऐकलं होतं. सारा ब्राइटमन शेजारी उभ्या होत्या. मागे पडद्यावर जे हयात नाहीत त्यांची छायाचित्रं आली. २०१९मध्ये गेलेले प्रिन्स, २०१८मध्ये गेलेल्या जिलियन लिन, आणि मारिया ब्यर्नसन, ज्या २००२मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेल्या. त्यांनी रेखाटलेले पोशाख त्यांच्यामागे वीस वर्षं रोज संध्याकाळी अंगावर चढत राहिले होते. मग पूर्वीचे कलाकार रंगमंचावर जमले, सोनेरी-रुपेरी कागदांचा पाऊस पडला. फँटम परत येणार का, हा प्रश्न मॅकिंटॉश यांना सारखा विचारला जात होता. त्यांनी सांगितलं की सगळी थोर संगीत नाटकं परत येताना आपण पाहिली आहेत आणि हे त्यांतलंच एक आहे.

ते खरंही झालं, वेगळ्या रूपात. २०२५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्येच, ५७व्या रस्त्यावरच्या एका इमारतीत ‘मास्करेड’ सुरू झालं. डायान पॉलस यांनी बसवलेल्या या आवृत्तीत प्रेक्षक छोट्या गटांनी मजल्यामजल्यांवरून फिरत तीच कथा पाहतात, गटागटाला वेगळा फँटम भेटतो. त्याच वर्षी मार्चमध्ये मूळ नाटक मुंबईत, बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्येही येऊन गेलं, आणि अनेक मराठी रसिकांनी ते झुंबर न्यूयॉर्कचं तिकीट न काढता डोक्यावर चढताना पाहिलं.

मॅजेस्टिक मात्र डागडुजीसाठी दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं. इतक्या वर्षांत जे बांधलं, कापलं, टांगलं गेलं ते उतरवून वास्तू मोकळी करणं हेच मोठं काम होतं. डिसेंबर २०२४मध्ये ऑड्रा मॅकडोनल्ड यांना घेऊन ‘जिप्सी’ तिथे आलं. नव्या नाटकाला नवा जिना, नवा पडदा, नवे वादक. ते ऑगस्ट २०२५पर्यंत चाललं.